गोव्यात कापड आणि शिवणाचे सामान कुठे मिळते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्याला घरी शिवणकाम करते. ब्लाउज, परकर-पोलके, देवघराचे पडदे, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे कपडे, जे येईल ते. लॉकडाऊनमध्ये मास्क शिवायच्या निमित्ताने कितीतरी घरांतल्या मशिनी पलंगाखालून बाहेर आल्या आणि तेव्हापासून "हे कुठे मिळतं हो?" असे विचारणारे फोन वाढले. मुंबई-पुण्याहून गोव्यात राहायला आलेल्यांना तर इथला बाजार उमगायला वेळ लागतो. पुन:पुन्हा तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरे एकदाच नीट लिहून ठेवते आहे. दुकानांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. दुकाने हात बदलतात, जागा बदलतात. गल्ली, वेळ आणि विचारायची रीत सहसा बदलत नाही.

शिवणाचे सामान कोणत्या पाटीखाली शोधायचे?

इथे कापड आणि सामान बहुधा एका छताखाली मिळत नाही. चार प्रकारची दुकाने ओळखून ठेवा.

कापडदुकानात ताके, म्हणजे कापडाच्या अख्ख्या गुंडाळ्या असतात: शर्टिंग, सूटिंग, ड्रेस मटेरियल, पडद्याचे, चादरीचे. तिथे दोरा मागितलात तर समोरच्या दुकानाकडे बोट दाखवतील.

'मॅचिंग सेंटर' अशी पाटी दिसली की तिथे रुबियाचे (ब्लाउजला वापरतात त्या पातळ कापडाचे) ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर, क्रेप, सॅटिन, शँटून. साडीबरोबरची सगळी जुळवाजुळव तिथेच होते. फॉल-पिको लावून देणारी बाईही बहुतेक त्याच दुकानात किंवा शेजारच्या जिन्याखाली बसते.

तिसरे 'टेलरिंग मटेरियल'. ही दुकाने लहान, अंधारी आणि खजिन्याने भरलेली. बकरम (कॉलरला आत घालायचे कडक कापड), कॅनव्हास, पेस्टिंग, हुक, चेन, इलास्टिक, खांद्याचे पॅड, टेलरचा खडू, मोजायची टेप, कात्र्या, घाऊक रिळे. गावातले शिंपी इथूनच सामान नेतात.

चौथे फॅन्सी स्टोअर. बाहेर बांगड्या आणि केसांच्या पिना टांगलेल्या दिसतात म्हणून आपण पुढे जातो, पण आत लेस, गोंडे, लटकन, टिकल्या, मणी आणि बऱ्याचदा बटणांचा एक अख्खा कप्पा असतो. लहान गावांत टेलरिंग मटेरियलचे वेगळे दुकान नसतेच, फॅन्सी स्टोअरच ते काम करते.

मशीनच्या सुया, बॉबिन, पट्टा यांसाठी मशीन दुरुस्तीवाल्याकडे जायचे. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

मोबाइलच्या नकाशावर शोधले तर काहीच नीट सापडत नाही. मग?

कारण यातली निम्मी दुकाने नकाशावर नाहीत, आणि जी आहेत ती 'गारमेंट स्टोअर' किंवा 'जनरल स्टोअर' अशा नावाने आहेत. मी सगळ्यांना एकच सांगते: आधी दुकान शोधू नका, आधी शिंपी शोधा. तुमच्या वाड्यावर, बसस्टँडजवळ, चर्चच्या किंवा देवळाच्या रस्त्याला एक तरी टेलर मशीन चालवत बसलेला असतो. त्याला विचारा, "अस्तर आणि चेन तुम्ही कुठून आणता?" रोजचे पोट ज्या कामावर आहे तो माणूस महागड्या किंवा फसव्या दुकानात जात नाही. तो सांगेल त्या दुकानात जाऊन त्याचे नाव घ्या. ताक्यातून कापड फाडताना दुकानदाराचा हात थोडा सैल होतो, हा माझा अनुभव आहे.

दुसरा मार्ग पिकोवालीचा. साडीला फॉल लावून घ्यायला जाल तेव्हा दोन मिनिटे थांबून बोला. कोणाकडचा फॉल आटत नाही, कोणाकडचे हुक गंजतात, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

कोणत्या गावात कशासाठी जावे?

म्हापशापासून सुरुवात करते. शुक्रवारचा बाजार सगळ्यांना माहीत आहे. बार्देश, पेडणे, पलीकडून दोडामार्ग-सावंतवाडीपर्यंतची माणसे त्या दिवशी उतरतात. तुकड्यांत विकले जाणारे कापड, चादरी, टॉवेल, नाड्या, इलास्टिक हे शुक्रवारी फेरीवाल्यांकडे स्वस्त मिळते. पण तुम्हाला ताके उघडून पाहायचे असतील, रंग जुळवायचे असतील, तर शुक्रवार टाळा. त्या दिवशी दुकानदाराला तुमच्याशी बोलायला सवडच नसते. बाजारातली पक्की दुकाने इतर दिवशीही उघडी असतात. मंगळवारी-बुधवारी सकाळी जा आणि निवांत बघा.

पणजीत १८ जून रस्ता आणि त्याला जोडणाऱ्या गल्ल्या. (ही तारीख १९४६ ची, डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभा घेऊन गोवामुक्तीची चळवळ सुरू केली तो दिवस.) सूटिंग, लिनन, लग्नाचे भारी कापड, पडद्यांचे कापड यांसाठी पणजी चांगली. भाव थोडा चढा आणि गाडी लावायची पंचाईत. लहानसहान सामानासाठी मी पणजीला जात नाही.

मडगाव हे माझे आवडते. न्यू मार्केटच्या अरुंद गल्ल्यांत शिरलात की बाहेर यायला दोन तास लागतात. साष्टी तालुक्यात ख्रिस्ती लग्ने, बाप्तिस्मा, पहिले कम्युनियन यांचे कपडे वर्षभर शिवले जातात, त्यामुळे पांढरे सॅटिन, नेट, ऑर्गंझा, मोत्यांची लेस, नवरीच्या झग्याला लागणारे आतले जाड जाळीचे कापड हे जितक्या प्रकारांत इथे दिसते तितके मला दुसरीकडे दिसलेले नाही. मुलीच्या स्नेहसंमेलनाला परीचा झगा शिवायचा असेल तर सरळ मडगाव गाठा.

फोंड्याचा वरचा बाजार माझ्या पायाखालचा. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी ही सगळी देवळे याच तालुक्यात, त्यामुळे खण, देवीच्या ओटीची वस्त्रे, सोनेरी काठ, जरीची फीत, मखराला लावायचे चमकते कापड हे इथे बारमाही मिळते. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधीचा महिना तर बघायलाच नको.

वास्कोत बंदर आणि नौदलामुळे देशभरची माणसे राहतात. तिथल्या बाजारात पंजाबी ड्रेसचे कापड भरपूर.

डिचोली, साखळी, कुडचडे, पेडणे, काणकोणची चावडी इथे रोजच्या गरजेपुरते सगळे मिळते: रुबिया, अस्तर, फॉल, रिळे, हुक. फॅन्सी काही हवे असेल तर मोठ्या गावाची वाट धरावी लागते.

कोणत्या वेळी जावे?

सकाळी साडेनऊ-दहा ते साडेबारा. दुपारी एकनंतर साडेतीन-चारपर्यंत गोव्यातली बरीच दुकाने बंद असतात, आणि बाहेरून आलेली माणसे नेमकी त्याच वेळेला उन्हात शटरसमोर उभी दिसतात. रविवारी शहरांतल्या बाजारपेठा बहुतांश बंद. सकाळची वेळ सांगते त्याला आणखी एक कारण आहे: रंग जुळवायला दिवसाचा उजेड लागतो. ट्यूबलाइटखाली मोरपिशी आणि हिरवा एकच वाटतात.

चवथ, दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई आणि नाताळ या चार वेळांच्या आधीचे पंधरा दिवस गर्दीचे. नाताळात तर अस्तराचा पांढरा आणि ऑफव्हाइट रंग संपलेला असतो. जे लागणार आहे ते महिनाभर आधी घेऊन ठेवा.

बरोबर काय घेऊन जायचे?

नमुना. तोंडी रंग सांगू नका आणि मोबाइलवरचा फोटोही दाखवू नका, पडद्यावर रंग बदलतो. साडीच्या काठाच्या आतून, जिथे फॉल बसणार आहे तिथून दोन बोटांएवढा तुकडा मिळत असेल तर तो न्या, नाहीतर साडीच न्या.

दोरा कसा जुळवायचा हे मी एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून शिकले. त्यांच्या दुकानात भिंतभर लाकडी खण होते आणि प्रत्येक खणाच्या तोंडाला आतल्या बटणाचा एक नमुना दोऱ्याने शिवलेला होता. मी पिकलेल्या चिंचेच्या रंगाचा ब्लाउजपीस घेऊन गेले होते. त्यांनी चार रिळे काढली, कापड उचलले आणि काही न बोलता दुकानाच्या उंबरठ्यावर, उन्हाच्या कडेला गेले. रिळे कापडावर ठेवली नाहीत. प्रत्येकाचा वीतभर दोरा उलगडून एकेक धागा कापडावर आडवा टाकला. तीन धागे लगेच दिसले. चौथा कुठे आहे ते शोधावे लागले. "हाच," म्हणाले. रिळावर गुंडाळलेला दोरा गडद दिसतो, एकेरी धागा फिका. त्यामुळे नेमका रंग मिळाला नाही तर किंचित गडद घ्यायचा, फिका कधीच नाही. आजही मी कोणत्याही दुकानात रीळ उलगडून बघू देतात का ते आधी विचारते.

बटण हरवले असेल तर उरलेल्यांतले एक काढून न्या. चेनसाठी जुनी चेनच न्या. लांबीबरोबर दातांचा प्रकारही पाहावा लागतो. इलास्टिक घेताना टेप घेऊन जा आणि रुंदी मोजा. भरतकामाचा दोरा असेल तर लडीच्या कागदी पट्टीवरचा नंबर जपून ठेवा. अँकर कंपनीच्या सहा पदरी लडीत आठ मीटर दोरा असतो, आणि त्याच नंबरची लडी मागितली तरच तोच रंग मिळतो. मोठे काम असेल तर सगळ्या लड्या एकदमच घ्या.

मीटर, वार आणि पन्हा यांचा गोंधळ होतो. किती कापड घ्यावे?

हिशेब मीटरचा. जुन्या बायका अजून 'वार' म्हणतात. वार म्हणजे ३६ इंच, मीटर म्हणजे ३९ इंचांहून थोडे जास्त; फरक साडेआठ सेंटीमीटरचा. ब्लाउजच्या कापडात तेवढ्यात बाही बसते किंवा बसत नाही. दुकानाच्या मीटरपट्टीवर वैधमापन खात्याचा शिक्का असायला हवा. काही ठिकाणी काउंटरच्या कडेला खुणा करून ठेवलेल्या असतात, त्यावर मोजू देऊ नका, पट्टी मागा.

मीटरपेक्षाही मोलाचा प्रश्न पन्ह्याचा, म्हणजे कापडाच्या रुंदीचा. रुबिया आणि जुन्या धाटणीचे सुती कापड ३६ इंच, ड्रेसचे कापड बहुधा ४४, शर्टिंग-सूटिंग ५८. भाव ऐकण्याआधी पन्हा विचारा, कारण ५८ पन्ह्याचे कापड मीटरमागे महाग वाटले तरी लागते कमी.

माझा अंदाज असा: मध्यम बांध्याच्या ब्लाउजला ३६ पन्ह्यात ८० सेंटीमीटर, लांब बाही असेल तर एक मीटर, आणि तेवढेच अस्तर. परकराला दोन ते सव्वादोन मीटर. कुर्त्याला ४४ पन्ह्यात अडीच मीटर. पुरुषांच्या पूर्ण बाहीच्या शर्टाला ५८ पन्ह्यात १.६० मीटर, पँटीला १.२०. चौकटी किंवा मोठे फूल जुळवायचे असेल तर वर २०-३० सेंटीमीटर धरा. उरेब कापायचे असेल, म्हणजे तिरक्या धाग्यात, तर कापड पुष्कळ जास्त लागते. पायपिंगला, म्हणजे कडेच्या गोटाला लागणाऱ्या उरेब पट्ट्या तयारही मिळतात, त्या घेतलेल्या बऱ्या.

पहिल्यांदाच नवा नमुना शिवत असाल तर आधी मांजरपाटावर, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडावर शिवून बघा. मांजरपाट स्वस्त असतो आणि कापड वाया गेल्याचे दुःख होत नाही.

कापड चांगले आहे की नाही हे दुकानात कसे ओळखावे?

मुठीत दहा सेकंद घट्ट दाबून सोडा. शुद्ध सुती चुरगळते आणि तसेच राहते. मिश्रण असेल तर सावरते. उजेडासमोर धरा, विणीत फटी दिसल्या तर शिवणीजवळ उसवणार. ओला अंगठा गडद रंगावर घासून बघा. पांढऱ्या रुमालाने तर आणखी चांगले. खळ जास्त असेल तर चोळल्यावर हाताला पीठ लागल्यासारखे वाटते.

शंकाच असेल तर काठाचे दोन धागे मागून घ्या आणि घरी जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राखाडी राख उरते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळून काळा कडक मणी होतो.

आटण्याबद्दल मात्र मी पोळलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून "आटत नाही, खात्री" ऐकून फॉल घेतला आणि तसाच एका बाईंच्या पैठणीला लावून दिला. पहिल्या धुण्यात फॉल आकसला आणि साडीच्या खालच्या काठाला सगळीकडे चुण्या पडल्या. मी फॉल उसवला, नवा लावला, पैसे घेतले नाहीत. पण त्या बाईंच्या चेहऱ्यावरची नाराजी मला अजून आठवते. तेव्हापासून फॉल, अस्तर, रुबिया, काहीही असो, रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालते, सावलीत वाळवते, इस्त्री करते आणि मगच कात्री लावते. सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन-पाच सेंटीमीटर सहज आटते. कोणी कितीही खात्री दिली तरी भिजवाच.

मशीनच्या सुया, बॉबिन, दुरुस्ती कुठे?

मशीन दुरुस्तीवाले मोठ्या बाजारांच्या मागच्या गल्लीत बसतात. काही जण घरीही येतात. त्यांचा पत्ताही टेलरकडूनच मिळतो.

सुई मागताना नुसते "मशीनची सुई" म्हणू नका. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, कारखान्यातल्या मोटर मशीनच्या सुईचा दांडा पूर्ण गोल. एकीची सुई दुसरीला चालत नाही. मग नंबर: मलमल, शिफॉन, जॉर्जेटला ९ किंवा ११, रुबिया, पॉपलिन, रोजच्या सुतीला १४, जीन्स, ड्रिल, पिशव्यांच्या जाड कापडाला १६. टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला बोथट टोकाची वेगळी सुई लागते, ती मात्र गोव्यात प्रत्येक ठिकाणी मिळत नाही. टीप सुटते, दोरा तुटतो म्हणून मशीन दुरुस्तीला नेणाऱ्या दहांपैकी निम्म्यांची नुसती सुई बदलायची असते. सुई वाकली आहे की नाही ते काचेवर आडवी ठेवून बघा, खालून उजेड सारखा दिसला पाहिजे.

बॉबिन आणि शटल घेताना जुनी वस्तू बरोबर न्या. काळ्या जुन्या मशिनीची आणि नव्या पांढऱ्या मशिनीची बॉबिन दिसायला सारखीच, पण उंचीत फरक असू शकतो आणि मग खालचा दोरा गुंततो.

आणि कृपा करून मशीनला खोबरेल तेल घालू नका. गोव्यात घरोघरी ते हाताशी असते, म्हणून घातले जाते. ते काही दिवसांनी घट्ट होऊन सांध्यात बसते. माझ्या सासूबाईंची मशीन अशीच जाम झाली होती. कारागिराने रॉकेलने सगळे सांधे धुतले तेव्हा फिरू लागली. मशीनचे पांढरे पातळ तेल कोणत्याही टेलरिंग मटेरियलमध्ये मिळते.

पावसाळ्यात सामान खराब होते, त्याचे काय?

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. सुया गंजतात, हुकांना तांबूस डाग येतात आणि ते डाग ब्लाउजवर उतरतात. इलास्टिक लुळे पडते. कापडावर बुरशीचे ठिपके येतात.

म्हणून मे महिन्यात पावसाळ्याचा साठा करून ठेवायची घाई करू नका. हुक, सुया, टाचण्या लागतील तेवढ्याच घ्या, झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवा आणि औषधांच्या डब्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाका. हुक घेताना स्टीलचे मागा. दुकानातून जुलै-ऑगस्टमध्ये इलास्टिक घेतले तर ताणून, सोडून, पुन्हा मोजून घ्या. कापड ताक्याच्या आतल्या घडीपर्यंत उलगडून बघा. ठिपके घडीतच असतात. मशीनवर प्लॅस्टिक घालू नका, आत घाम धरतो. जुन्या सुती साडीचे आवरण उत्तम.

कुणबी कापड कुठे मिळेल आणि खरे कसे ओळखावे?

लाल-पांढऱ्या चौकटीचे, गुडघ्यापर्यंत नेसायचे, खांद्यावर गाठ मारलेले कुणबी-गावड्या बायकांचे ते कापड. शेतात वाकून काम करताना पदर आड येऊ नये अशी त्याची नेसण. ते विणणे जवळजवळ थांबले होते. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी २०१० च्या सुमारास ते पुन्हा विणून घ्यायला सुरुवात केली आणि त्याला लोकांसमोर आणले. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०२० मध्ये ते गेले. आज कुणबी साडीला जी मागणी आहे तिच्यामागे त्यांची मेहनत मोठी आहे.

बाजारात त्याच चौकटीचे यंत्रमागावरचे आणि छापील कापड भरपूर आहे. छापील लगेच कळते: उलट्या बाजूला रंग फिका. यंत्रमाग आणि हातमाग ओळखायला काठ बघा. हातमागावर कापड ताणून धरण्यासाठी काठाजवळ टोचणी लावतात, तिची बारीक भोके ओळीने दिसतात. वीणही थोडी खालीवर असते. हँडलूम मार्कची, म्हणजे हातमागाच्या सरकारी खुणेची चिठ्ठी आहे का ते विचारा. यंत्रमागाचे कापड घेण्यात काही वाईट नाही, पिशव्या आणि उशांचे अभ्रे त्याचे छान होतात. पण ते हातमागाच्या भावाने घेऊ नका. कोणीतरी मागावर दिवसभर बसून विणलेल्या कापडाचे पैसे त्या विणणाऱ्यापर्यंत पोचले पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

जास्त कापड लागत असेल तर बेळगावला जावे का?

वीस मीटरच्या आत असेल तर नाही. त्यापुढे विचार करा. पणजीहून चोर्ला घाटाने तीन-साडेतीन तास, आणि खडेबाजारात मराठीत बोलून घाऊक भाव ठरवता येतो. साड्यांसाठी शहापूरला जा, तिथे विणकरांची जुनी वस्ती आहे. लग्नाचा बस्ता बेळगावहून बांधून आणायची रीत आमच्याकडे अजून आहे.

कापडी पिशव्या किंवा गणवेश शिवणाऱ्या बचत गटांना एक सुचवते. सुती पॉपलिन, मांजरपाट हे बरेचसे इचलकरंजीच्या यंत्रमागांवरून येते आणि चमकते कृत्रिम धाग्याचे कापड सुरतेहून. आपल्या गावच्या कापडदुकानदाराला "अख्खा ताका घेतला तर काय भाव?" असे आधी विचारा. त्याच्याकडे माल तिथूनच येत असतो, आणि गाडीभाडे धरले तर फरक बऱ्याच वेळा उरत नाही.

उरलेले तुकडे, चिंध्या मिळतात का?

मिळतात. मोठ्या टेलरकडे पोत्याने असतात. गोधडीसाठी सुती वेगळे काढून मागा. मी माझ्याकडचे फुकट देते.

ऑनलाइन मागवणे सोपे नाही का?

लेस, मणी, ठरावीक नंबरचा भरतकामाचा दोरा, बोथट सुया यांसाठी खुशाल मागवा. जे हाताने चाचपून घ्यायचे ते, म्हणजे कापड, अस्तर, इलास्टिक, दुकानातूनच घ्या.

कोकणी येत नाही, चालेल का?

मराठी बहुतेक ठिकाणी चालते. तरी "मीटराक कितलें?" एवढे म्हणा, दुकानदाराचा चेहरा खुलतो. 'सुत' म्हणाले तर दोरा, 'बुतांव' म्हणाले तर बटण. 'बुतांव' हा पोर्तुगीज शब्द. आपण मराठीत बिनदिक्कत वापरतो ते काज, फीत आणि इस्त्रीही मूळचे पोर्तुगीजच.

नवी मशीन घ्यायला काही सरकारी मदत आहे का?

केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्या १८ पारंपरिक व्यवसायांत शिंपीकाम आहे. वय किमान १८, कुटुंबातून एकालाच लाभ. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरवर होते (ती चालू आहे का ते आधी विचारून घ्या), पडताळणी पंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून. काही दिवसांचे प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांचे ई-व्हाउचर, आणि पुढे ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज. घरी बसून शिवणाऱ्या बायकांनीही अर्ज करावा. "आम्ही कुठे टेलर" असे म्हणून कित्येक जणी मागे राहतात, याचे मला वाईट वाटते.

आमच्या गावात एकच लहान दुकान आहे आणि हवे ते मिळत नाही. काय करावे?

दुकानदाराला सांगा. नुसते "नाही का?" विचारून परत फिरू नका. काय हवे, किती हवे आणि केव्हा हवे हे कागदावर लिहून द्या, सोबत नमुन्याचा तुकडा टाचणीने लावा आणि खाली फोन नंबर लिहा. हे दुकानदार महिन्या-दोन महिन्यांनी माल भरायला जातात. एका बाईसाठी एक चेन आणत नाहीत, पण पाच जणींची मागणी असली तर डबा आणतात. आमच्या वाड्यावरच्या सहा जणींनी मिळून स्टीलचे हुक, १४ नंबरच्या सुया आणि पांढऱ्या-काळ्या दोऱ्याची मोठी रिळे अशी यादी दिली होती. तिसऱ्या आठवड्यात सगळे आले, आणि आता त्या दुकानात हे तिन्ही कायम असते. आणलेला माल मात्र उचलायचा, त्यात मागेपुढे करायचे नाही. चवथीचे काही हवे असेल तर ही यादी जुलैतच द्या.